परत न दिलेला नारळ

"आबा, ह्याच्यात कायतरी टिचकतंय बघा. आतमधी. हाड न्हाई, हाडाच्या शेजारी."

अकरा वर्षं झाली त्या आवाजाला. एकोणीस वर्षांची पोर ओसरीच्या पायरीवर बसली होती, उजवा हात बापापुढं धरला होता आणि दुखत असूनही हसत होती. बाप हाडवैद्य असल्यावर हाडाची भीती कुणाला? आवाज मोठा नव्हता, पण काही आवाज उंबऱ्यातल्या मुंग्यांसारखे असतात. झाडून काढा, राख टाका, त्याच फटीतून पुन्हा निघतात. तिच्या बापाला, सोपानला, तो भाताच्या खाचरात ऐकू यायचा, जेवताना ऐकू यायचा. आज लोणावळ्याच्या दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्याही ऐकू आला, आणि ती पोर तर शेजारीच बसलेली. आता तीस वर्षांची, वराळ्याला नांदणारी, एका लेकीची आई झालेली अपेक्षा. उजव्या मनगटाला निळा पट्टा.

"आबा, पाणी पिता का?" तिनं बाटली पुढं केली आणि मग हसून स्वतःच म्हणाली, "झाकण तेवढं तुम्हीच काढा. माझ्यानं ते फिरत नाही."

सोपाननं झाकण फिरवलं. फिरवताना त्याला स्वतःच्या बोटांचा राग आला.

इंदुरीत नदीच्या अंगाला सोपानचं घर कुणालाही विचारलं तरी सांगतील. रविवारी सकाळी अंगणात माणूस मावत नाही. कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाचा खांदा निसटलेला, कुणी मोटारसायकलवरून पडून कोपर धरून आलेला. सोपाननं हात धरावा, डोळे मिटावेत, इकडच्या तिकडच्या दोन गोष्टी विचाराव्यात, आणि माणूस उत्तर देण्याच्या नादात असताना हाड जागेवर बसवावं. वर आंबेहळद, तुरटी आणि अंड्याच्या पांढऱ्याचा लेप, त्यावर जुन्या धोतराची पट्टी, बाजूनं बांबूच्या कामट्या. पैसा घ्यायचा नाही. येणाऱ्यानं एक नारळ आणायचा आणि खांबापाशी ठेवायचा. हाताला दुखणं कळलं तर नारळ फोडून अंगणातल्या सगळ्यांना वाटायचा. नाही कळलं तर तो नारळ तसाच, अख्खा, त्याच्या हातात परत द्यायचा. नारळ परत मिळाला की माणसानं काय ते समजायचं आणि दुसऱ्या दाराची वाट धरायची.

ही रीत सोपानच्या बापाची, अंबाजींची. अंबाजी म्हणायचे, "हाड बसवाया चार वर्षांत येतं रं. नारळ परत द्यायला जन्म लागतो. ज्याला ते जमत न्हाई त्यानं हाडाला हात लावू नये." आणि एकदा सोपानचाच हात धरून त्यांनी करंगळीच्या अंगाला, मनगटाच्या घडीत अंगठा रोवला होता. "ह्यो खळगा ध्यानात ठेव. हितं दाबल्यावर माणूस कळवळला, अन् मूठ फिरवताना आत टिचकलं, तर सोडून दे. ते हाड न्हाई. काय हाय ते मला बी ठावं न्हाई. पर ते आपल्या हाताचं न्हाई. गुमान नारळ परत."

आयुष्यात सोपाननं नऊ-दहा नारळ परत दिले असतील. एक मात्र राहिला. घरच्या माणसानं नारळ आणायची रीत नव्हती, म्हणून तो अंगणात कधी आलाच नाही. आला नाही म्हणून परत गेला नाही.

अपेक्षा तेव्हा पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून गढीपर्यंत पळायची. गोळाफेकीचा सराव आधी नदीतल्या गोट्यानं केला, मग तळेगावहून चार किलोचा लोखंडी गोळा आणला. नंदाबाई, तिची आई, कपाळाला हात लावायची. "पोरीच्या जातीनं भाकरी थापावी, तर ही गोळं फेकतीया. आवं, उद्या सासरी सासूला फेकंल!" पण दुपारी लेक फेकायला लागली की तीच धुण्याची काठी घेऊन अंतर मोजायची. एका रविवारी सकाळी पळून येताना पोर ओल्या बांधावरून घसरली. पडताना तळहात टेकला आणि सगळं अंग त्या एका मनगटावर आलं.

अंगण भरलेलं होतं. रांगेत बसलेले भिमाजी, गावचे जुने पैलवान आणि जिभेनं अजून पैलवान, म्हणाले, "आली का रं वैद्याची लेक! आता बघू, वैद्य नारळ कुणाकडून घेतोय ते." सगळे हसले. त्याच महिन्यात तळेगावच्या रस्त्याला हाडांचे फोटो काढायच्या यंत्रासकट नवा दवाखाना निघाला होता आणि रविवारची रांग निम्म्यावर आली होती. सोपाननं पोरीचा हात धरला. अंगठा आपसूक त्या खळग्यात गेला. पोर कळवळली. त्यानं मूठ हळूच फिरवली. आत टिच्च झालं. तेव्हाच ती म्हणाली, "आबा, ह्याच्यात कायतरी टिचकतंय बघा."

सोपानच्या अंगठ्याला कळलं. अगदी लख्ख कळलं.

पण वीस-पंचवीस डोळे त्याच्या तोंडाकडं लागलेले. हाडवैद्याचीच लेक दवाखान्याच्या पायऱ्या चढली, तर उद्या अंगणात कोण येणार? सोपान म्हणाला, "लचकलंय. एकवीस दिवस पट्टी. हलवायचं न्हाई."

नंदाबाईच्या जिवाला चैन पडेना. तिनं दुसऱ्या दिवशी लेकीला नेऊन फोटो काढून आणलाच. हाडं शाबूत होती. सोपाननं तो काळा कागद उन्हासमोर धरून पुढच्या रविवारी सगळ्या अंगणाला दाखवला. "बघा, यंत्र बी तेच म्हणतंय." फोटोत हाड दिसतं, मऊ काही दिसत नाही, हे त्याला उमगलं नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी त्याला फोटोतलं हाड पुरेसं वाटलं.

भरतीचं मैदान जवळ आलं, तशी पोरीनं नवव्या दिवशी पट्टी सोडली. शंभर मीटर पळाली, आठशे पळाली, पहिल्या पाचात आली. गोळा उचलला, मानेशी धरला, ढकलला, आणि मनगटात विंचू मारावा तशी कळ येऊन गोळा तिच्याच पायापासून चार हातांवर पडला. तीनही वेळा तसंच. संध्याकाळी घरी येऊन ती भिंतीकडं तोंड करून बसली. सोपानच्या तोंडातून मात्र भलतंच बाहेर पडलं. "एकवीस दिवस सांगितलं व्हतं का न्हाई? माझ्या हातानं बांधलेलं तू सोडलंस. आता रडून कुणाला दाखवतीस?"

पोरीचं रडणं तिथंच थांबलं. ते वाक्य तिनं गोंदून घ्यावं तसं अंगावर घेतलं. पुढं कुणीही मनगटाचं विचारलं की ती तेच सांगायची, हसत हसत. लग्नाच्या बोलणीतसुद्धा नवऱ्याला, सत्यमला, पहिल्या भेटीत सांगून मोकळी झाली. "माझा उजवा हात अधू आहे. चूक माझीच. आबांचं ऐकलं नाही." ती आत्तापर्यंत तेच सांगत आली होती.

"अपेक्षा कोण? या आत." दवाखान्यातल्या बाकापाशी हाक आली.

डॉक्टर ज्योत्स्ना म्हणजे पन्नाशीच्या, हातांच्या दुखण्याच्या डॉक्टर. दर शनिवारी पुण्याहून यायच्या. पट्टा, गोळ्या, एक इंजेक्शन, तीन महिन्यांची विश्रांती, सगळं करून झालं होतं. विश्रांती म्हणजे काय, तर वराळ्याच्या कंपनीत स्क्रू पिळायच्या लाइनवरून तिला खोके भरायला बसवलं होतं. आज एमआरआयचा कागद बघायचा होता. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं आणि आपल्याच हातावर बोटानं दाखवत सांगू लागल्या.

"कोपरापासून ही दोन हाडं येतात. करंगळीकडचं हे. ह्याच्या टोकावर कूर्चेची एक तिकोनी गादी असते. केवढी, तर चिंचोका जरा मोठा असावा एवढी. तळहातावर भार आला की ती झेलते. मूठ फिरवली की ह्या दोन हाडांना एकमेकांपासून सुटू देत नाही. कुलूप उघडताना, फडकं पिळताना, जमिनीला हात टेकून उठताना तुम्हाला जी कळ येते ना, ती इथली. ही फाटलीय. आणि फार जुनं आहे हे."

सोपान पुढं वाकला. पडद्यावर त्या राखाडी रंगात एक पांढरी चीर दिसत होती, मडक्याला तडा जावा तशी. नेमकी त्या खळग्यात. अंबाजींना यंत्र माहीत नव्हतं, कूर्चा शब्द माहीत नव्हता. जागा माहीत होती.

"लागलं तेव्हा काय केलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आबांनी पट्टी बांधली होती, कामट्या लावून. मीच नवव्या दिवशी सोडली," अपेक्षा म्हणाली. "अडाणीपणा माझा, दुसरं काय. ठेवली असती तर बरं झालं असतं, हो ना मॅडम?"

डॉक्टरांनी सोपानकडं पाहिलं. त्याच्या मांडीवरच्या, लेपानं कायमच्या पिवळ्या पडलेल्या बोटांकडं पाहिलं. मग शब्द जरा जपून टाकले. "ह्या गादीच्या कडेला रक्त पोचतं. तिथली चीर लवकर लक्षात आली तर जुळू शकते, किंवा टाके घालता येतात. पण त्यासाठी हात फिरणंच बंद व्हायला लागतं. प्लास्टर कोपराच्या वरपर्यंत न्यावं लागतं. असो. कुणी काय केलं ते आता सोडा."

सोपानची पट्टी कोपराच्या चार बोटं खाली संपत असे. नेहमीच.

"आणि आता?" अपेक्षानं विचारलं.

"आता दुर्बिणीनं आत जायचं. दोन बारीक छिद्रं. लोंबणारे तुकडे साफ करायचे, टाका बसत असेल तर घालायचा. हाडाचा दाब जास्त वाटला तर पुढं त्याचाही विचार करू. गोळाफेकीचं मी सांगत नाही. पण किल्ली फिरेल, कणीक मळता येईल. मंगळवारी पुण्याला तारीख देते. मात्र चालढकल नको. हाडांवरची कूर्चा अजून शाबूत आहे. ती झिजायला लागली की माझ्या हातात देण्यासारखं फार काही राहणार नाही."

बाहेर ऊन हिवाळी होतं, कोवळं. बाजारात चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागलेली. एक टॅक्सीवाला ओरडत होता, "चला, भुशी डॅम, भुशी! दोन सीट, दोन सीट!"

"आता कसली भुशी, दादा?" अपेक्षा म्हणाली. "पाणी तरी आहे का?"

"पाणी नाय ताई, पण फोटो चांगला येतो!"

ती मोकळेपणानं हसली. लेकीसाठी तिनं शेंगदाण्याची चिक्की घेतली, आणि बापाला द्यावी म्हणून वडी मोडायला गेली. मोडेना. उजवं मनगट जरा वळलं आणि तिचा चेहरा आक्रसला. सोपाननं वडी तिच्या हातातून घेतली, मोडली. टिच्च.

चिक्की चघळत ती म्हणाली, "आबा, मी ऑपरेशन नाही करणार."

"आं?"

"नाही म्हणजे विचार केला मी. डॉक्टरीण चांगली आहे. पण मला वाटतं, तुमचाच हात मला लागू पडेल. तेव्हा मी पट्टी टिकू दिली नाही. आता ठेवते की! एकवीस नाही, बेचाळीस दिवस ठेवते. सत्यमला म्हणते, घरातलं तू बघ. उद्या रविवारी येते मी अंगणात." आणि मग हलक्या आवाजात, चिक्कीच्या कागदाची घडी करत, "माझ्यामुळं तुमच्या हाताला बट्टा लागला, आबा. गावात अजून लोक म्हणतात, वैद्याला स्वतःच्या पोरीचं मनगट बरं करता आलं नाही. मला ते लय लागतं."

बोलायची जागा हीच होती. तेवढ्यात तळेगावची बस लागली, लोक धावले, आणि सोपान म्हणाला, "बघू."

आख्खा प्रवास तो खिडकीला डोकं टेकून बसला. खाचरं कापून मोकळी झाली होती. ज्या जमिनीनं सगळं पीक देऊन टाकलं तिचा त्याला हेवा वाटला.

घरी नंदाबाई नव्या इंद्रायणी तांदळातले खडे वेचत होती. जातं कधीच कोपऱ्यात गेलं, पण सूप हातात आलं की तिच्या तोंडात ओवी यायचीच.

पहिली माझी ओवी गं, मनगटाच्या जोराला
लेक गेली सासरी, कोण धरील खुंट्याला

"उद्या येतीया म्हणं अपू," तिनं ओवी तोडून विचारलं. "फोन आलता. मंगळवारची तारीख सोमवारी कळवून मोडणार म्हणाली. तुमच्या हातनं बांधून घ्यायचंय तिला. तुमी काय सांगितलंत?"

"काय न्हाई."

"काय न्हाई म्हंजी?" सूप थांबलं. "आवं, तुमी काय न्हाई म्हणता तवाच मला भ्या वाटतं. त्या साली बी रातच्याला तीनदा उठून तिचं मनगट चाचपत व्हता तुमी. मी जागी व्हते. लेपाचं काम असतं तर एकदा चाचपलं असतं."

दाराला अजूनही तो लोखंडी गोळा अडकण म्हणून लावलेला असे. येता-जाता पायाला लागायचा म्हणून नंदाबाई शिव्या द्यायची, पण उचलून कुणी ठेवला नाही. सोपाननं तो उचलला. चार किलोचाच. पोरीला मात्र अकरा वर्षं पेलला नव्हता, आणि त्यालाही.

रविवार उजाडला. अंगण नेहमीसारखं भरलं. भिमाजी आता गुडघे घेऊन यायचे. औषधाला नाही, गप्पांना. नारळ फोडायचा कोयता त्यांच्याच मांडीवर असायचा. अपेक्षा सकाळच्या रिक्षानं आली. घरात गेली नाही. आईनं हाक मारली तरी हातानंच थांब म्हणाली आणि रांगेत, मुरगळलेल्या घोट्याच्या एका बाईमागं जाऊन बसली. डाव्या हातात पिशवी.

"आगं, तू कशापायी रांगंत?" भिमाजी म्हणाले. "घरची वैद्यकी, फुकटचा माल!"

"फुकट नको म्हणूनच रांगेत, भाऊ. मागच्या वेळी मी नारळ आणला नव्हता. म्हणून तर गुण आला नसेल."

"ही खरी वैद्याची लेक! शिकलीस गं बाई."

बाईचा घोटा झाला. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. मग अपेक्षा पुढं आली. पिशवीतला नारळ काढून तिनं खांबापाशी ठेवला. शेंडीला हळदी-कुंकू लावलेलं होतं. ती पायरीवर बसली, त्याच, आणि उजवा हात बापापुढं धरला. पट्टा तिनं घरीच काढून ठेवला होता. मनगट बारीक दिसत होतं, उन्हात न वाढलेल्या रोपासारखं.

"बांधा, आबा. ह्या वेळी देव आला तरी सोडणार नाही."

सोपाननं हात धरला. अंगठा त्या खळग्यात ठेवला, पण दाबला नाही. लेपाची वाटी शेजारी तयार होती. कामट्या तासलेल्या होत्या. नंदाबाई दारात उभी होती, सूप छातीशी धरून. भिमाजींनी रीतीप्रमाणं एका हातानं नारळ उचलला, दुसऱ्या हातानं कोयता. "फोडू का रं, सोपाना?"

"न्हाई."

सोपान उठला. भिमाजींच्या हातातून त्यानं नारळ काढून घेतला. त्यानं तो अख्खा नारळ लेकीच्या डाव्या हातात ठेवला, आणि तिची बोटं त्यावर एकेक करून मिटवली.

"आबा, हे काय?" तिचा चेहरा उतरला. "अजून रागावलाय माझ्यावर?"

तो तिच्यासमोर पायरीखाली, मातीत बसला. आयुष्यभर ज्या जागी लोक बसले, त्या जागी. सगळे ऐकत होते आणि ऐकावं अशीच त्याची इच्छा होती.

"मंगळवारी पुण्याला जायचं, अपू. मी येतो संगं," तो म्हणाला. "ह्यो नारळ अकरा वर्षांमागं परत द्यायचा व्हता. तू पडून आलीस त्या दिशी मी खळगा दाबला, तवाच माझ्या अंगठ्याला कळलं व्हतं. हे आपल्या हाताचं न्हाई. माझ्या बापानं शिकवलं व्हतं मला. पर अंगण भरल्यालं, अन् मला माझी रांग मोडंल ह्याचं भ्या वाटलं, म्हणून मी लचकलंय म्हणालो. तू नवव्या दिशी सोडलीस म्हणून न्हाई, पोरी. नव्वद दिस ठेवली असतीस तरी माझ्या पट्टीनं ते बरं व्हणार नव्हतं. मला ठावं व्हतं. चूक माझी, अन् ती मी तुझ्या अंगावर घातली."